शेळकेबाईंचा चौथा तुकडा

१ फेब्रुवारी २०२१, सोमवार. त्या दिवशी कार्मेलवर अन्याय झाला. कार्मेल म्हणजे डब्लिनच्या ब्युमॉन्ट भागात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी साठीची विधवा. हॉस्पिटलात वॉर्डावर जेवणाचे ट्रे पोचवायचे, लाद्या पुसायच्या, हे तिचं काम. कोविडच्या वॉर्डात काम करता करता तिलाच कोविड झाला. ती ऑक्सिजनवर पडून असताना तिच्या फोनवर भाजीमळ्याच्या समितीचा संदेश आला: तुमचा तुकडा दोन पाहण्यांत पडीक आढळला आहे, महिनाअखेर तो प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला दिला जाईल, चावी जमा करावी. कोणी तिचं दार वाजवलं नाही. कोणी विचारलं नाही की बाई, तू आहेस कुठे. आयर्लंडात एक फेब्रुवारी हा वसंताचा पहिला दिवस मानतात. तो मुहूर्त मात्र समितीने चुकवला नाही.

पत्रकं मी कॉलेजपासून लिहीत आले आहे. पण पहिल्याच ओळीत 'कोणावर' आणि 'कधी' हे यायला हवं, 'नृशंस व्यवस्थेच्या अमानुष टाचेखाली' हे नंतर आलं किंवा आलंच नाही तरी चालतं, हे मला शेळकेबाईंनी शिकवलं. हा मजकूर त्यांच्याबद्दल आहे. कार्मेल सुरुवातीला आली, कारण बाईंनी तिलाच सुरुवातीला ठेवलं असतं.

इंदुमती शेळके. कोपरगावकडच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. २०२० च्या मार्चच्या सुरुवातीला लेकीकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या, विमानं बंद पडली, आणि दीड वर्ष राहिल्या. लेक रेवती हॉस्पिटलात डॉक्टर. डब्लिनमधलं घरभाडं एकट्या डॉक्टरलाही झेपत नाही, म्हणून रेवतीने वरची अडगळीची खोली मला दिलेली. पलंगावरून पाय खाली टाकला की तो थेट दाराबाहेर पडायचा, एवढी ती खोली. माझी नोकरी ग्रँड कॅनाल डॉकमधल्या एका कंपनीत, सॉफ्टवेअर तपासायची. ऑफिस बंद झाल्यावर ती नोकरी रेवतीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आली, आणि संध्याकाळी त्याच टेबलावर मी भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बाई. अशी आमची ओळख.

बाईंनी मला नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. "चळवळ, चहा घे." "चळवळ, तुझी मीटिंग संपली असेल तर कुकर बंद कर." रेवती ड्यूटीवरून थकून आली की तिला सांगायच्या, "हळू बोल, चळवळ झोपलीय." मी चिडायचे. त्या म्हणायच्या, "अगं, झोपलेली चळवळ जागी तरी होते. झोपेचं सोंग घेणाऱ्यांचं मी काही म्हटलंय का?"

सुती साडी, तिच्यावर रेवतीचा टोपीवाला पार्का, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. साडीचा काठ बुटात खोचलेला. या वेषात बाई रोज फिरायला जायच्या, लॉकडाउनमध्ये घरापासून दोन किलोमीटरची हद्द होती तेव्हा दोन आणि पाचाची झाली तेव्हा पाच. हद्द आहे म्हटल्यावर तिच्या टोकापर्यंत जाऊन यायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. वाटेत भेटेल त्याला एकच प्रश्न: तुमचे वडील शेतात काय पेरायचे? डब्लिनची माणसं गोंधळायची, मग हसायची, मग सांगायला लागायची. अर्ध्या शहराचे आजोबा कुठल्या ना कुठल्या गावातून आलेले होते.

हा प्रश्न म्हणजे बाईंची अख्खी विद्या. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तुम्ही काही ठोकून दिलंत की त्या म्हणायच्या, "हां, मग? आधी शेतात काय झालं ते सांग."

मला तो प्रसाद पहिल्याच महिन्यात मिळाला. माझ्या एका पत्रकाची सुरुवात होती: औद्योगिक क्रांतीपासून सुरू झालेलं शोषण आज घरभाड्याच्या रूपाने, वगैरे. बाईंनी ते वाचायला मागितलं. चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"औद्योगिक क्रांती कशापासून सुरू झाली?"

"वाफेच्या इंजिनापासून."

"हां, मग? इंजिनावर राबायला माणसं लागली, ती आभाळातून पडली?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि ती माणसं दिवसभर गिरणीत उभी राहिली तर त्यांची भाकरी कोण पिकवत होतं?"

कुकरच्या वाफेने खिडकीची काच धुरकटली होती. बाई उठल्या, आणि बोटाने काचेवर एक चौकोन काढून त्याचे चार भाग केले. पहिल्यात गहू, दुसऱ्यात टर्निप, तिसऱ्यात बार्ली, चौथ्यात क्लोव्हर. पूर्वी इंग्लंडातलं शेत दर दोन-तीन वर्षांनी मोकळं ठेवायचे, जमिनीने दम खावा म्हणून. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की मोकळं ठेवायच्या ऐवजी क्लोव्हर पेरलं, आपल्याकडच्या लसूणघासाची चुलत बहीण, तर जमीन उलट सुधारते. टर्निप आणि क्लोव्हर खाऊन जनावरं हिवाळ्यात जगतात, जनावरं जगली की खत, खत आलं की पुढच्या साली गहू जास्त. एक वावरही रिकामं नाही आणि धान्य मात्र वाढलेलं. थोड्या हातांत पुष्कळ पोटं भरायला लागली.

"पोटं भरली म्हणून गिरणीला माणसं देता आली. हे चांगलं झालं," बाई म्हणाल्या. "आणि हे सगळं करायला सलग जमीन हवी, म्हणून गावच्या सामाईक रानाला कुंपण पडलं. ज्यांची एकच गाय तिथे चरत होती त्यांची गाय गेली, आणि मागोमाग ती माणसंही गेली गिरणीच्या दारात. हे वाईट झालं. आता दोन्ही एका वाक्यात लिहून दाखव."

"एका वाक्यात कसं येईल?"

"येत नसेल तर तुला इतिहास येत नाही. नुसतंच चांगलं लिहिलं तर ती जाहिरात. नुसतंच वाईट लिहिलं तर ते रडगाणं."

तोवर काचेवरचं क्लोव्हर ओघळून खिडकीच्या पट्टीवर आलं होतं. बाईंनी पदराने ते पुसून घेतलं आणि भाताकडे वळल्या. कोपरगावला हाच चौकोन त्या फळ्यावर काढायच्या. समोरची पोरं शेतकऱ्यांची, दुपारी घरी जाऊन पिकाला पाण्याचं बारं देणारी. त्यांना पहिला प्रश्न असायचा: तुझ्या घरात जेवणारे किती आणि पिकवणारे किती? पोरं मोजायची, हसायची, आणि मग इंग्लंडचा इतिहास त्यांना आपल्या चुलत्याच्या भांडणासारखा कळायला लागायचा.

इथल्या मराठी मंडळींनी लॉकडाउनमध्ये ऑनलाइन व्याख्यानांची टूम काढली होती, तिथेही बाई एकदा बोलल्या. सगळे पुण्या-मुंबईचे, नागपूरचे आयटीवाले, छोट्या छोट्या चौकटींत. बॉल्सब्रिजला राहणाऱ्या एका मोठ्या हुद्द्याच्या गृहस्थांनी शेवटी हात वर केला.

"मॅडम, खूप इंटरेस्टिंग. पण शेवटी क्रांती इनोव्हेशनमुळेच झाली ना? शेती तर सगळीकडे होतीच."

"तुम्ही घरी स्वयंपाकात किती वेळ घालवता?"

"आम्ही, ॲक्च्युअली, बऱ्याचदा ऑर्डर करतो."

"बरं करता. पण मग तुमचं इनोव्हेशन पावसात भिजत सायकलवरून येतं. तो पोरगा दारात डबा ठेवून जातो, म्हणून तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. तुमची बुद्धी मी नाकारत नाही हो. ती कोणाच्या पोटावर उभी आहे एवढंच विचारते."

चौकटींमध्ये हसू पसरलं. ते गृहस्थही हसले, आणि हे मान्य करायला हवं की मनापासून हसले. नंतर बाई मला म्हणाल्या, "माणूस बरा आहे. नाहीतर कॅमेरा बंद करून बसला असता."

आणि कार्मेल. बाईंची आणि तिची मैत्री परसातल्या भिंतीवरून जमली. बाईंचं इंग्रजी पुस्तकातलं, कार्मेलचं उत्तर डब्लिनचं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, आणि उरलेलं निम्मं कळलं असं दोघीही धरून चालायच्या. २०२० च्या उन्हाळ्यात एकदा बाईंनी भिंतीवरून जवसाची चटणी दिली. कार्मेलने चाटून पाहिली, डोळ्यांत पाणी आलं, म्हणाली, "डोकं उडवते ही. पण ग्रँड आहे. कसली?" बाईंनी कोरडं जवस तळहातावर घेऊन दाखवलं. कार्मेल त्याकडे बघतच राहिली. तिची आजी मोनाहनची. लहान शेत, थोडं जवस. पण बी खायला नाही, धाग्याला. झाडं उपटून खड्ड्यातल्या पाण्यात कुजवायची, त्याची घाण गावभर सुटायची, मग ती वाळवून, ठेचून, त्यातून तागासारखा धागा काढायचा. आजीच्या आजीच्या काळी घरातल्या बाया तो कातायच्या आणि पुरुष मागावर लिनन विणायचे. शेत आणि माग एकाच छपराखाली. मग गिरणीचं सूत आलं, आणि घरातलं कातणं बसलं.

बाई तो दिवस विसरल्या नाहीत. "बघ चळवळ, झाड तेच. आम्ही बी खाल्लं, यांनी दोरा काढला. ज्यांनी दोरा काढला त्यांच्या गावात गिरणी आली. तीही फक्त बेलफास्टच्या बाजूला. बाकी आयर्लंडात जमीनदाराने माणसं उठवली, गायी ठेवल्या, आणि उठलेल्यांना जायला गिरणी नव्हतीच. ते जहाजात बसले. शेती बदलली की माणूस निघतो, एवढं सगळीकडे खरं. कुठे पोचतो ते मात्र त्याच्या हातात नसतं."

मी म्हटलं, "तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. पण राग आला की मी तारीख शोधते. तू विशेषण शोधतेस."

आता फेब्रुवारीकडे येते.

जानेवारीत कार्मेल आजारी पडली आणि रेवतीच्याच हॉस्पिटलात दाखल झाली. रेवती घरी पेशंटविषयी चकार शब्द काढत नसे आणि बाई तिला विचारतही नसत. बाई स्वतः फोन करायच्या. कार्मेलला दोन शब्दांनंतर धाप लागायची, म्हणून बाईच बोलायच्या: आज ऊन होतं, तुझ्या दारातला कचऱ्याचा डबा आत घेतला, मांजराला खाऊ घातलं. कार्मेल 'हूं' म्हणायची. त्या अख्ख्या महिन्यात तिने आपणहून एकच पूर्ण वाक्य बोलल्याचं बाईंनी सांगितलं. ती म्हणाली होती, रात्री झोप येत नाही तेव्हा मी मळ्यात काय कुठे लावायचं ते मनात लावत बसते. मळा म्हणजे वस्तीमागच्या जागेतला तिचा तुकडा. तिथे पाच-पन्नास लोकांना लहान लहान तुकडे लावून दिलेले आहेत, समिती आहे, फाटक आहे, चाव्या आहेत. नवरा गेल्यापासून कार्मेलची प्रत्येक सुट्टी तिथे जायची.

मग तो संदेश आला. दोन तारखेला कार्मेलने फोनवर एवढंच सांगितलं, "घेतला त्यांनी." आणि रडायलासुद्धा तिला श्वास पुरला नाही.

बाईंनी फोन ठेवला. मी लॅपटॉप उघडून पत्रकाचा मथळा टाइप करायलाच घेतला होता. बाई म्हणाल्या, "ते नंतर. ते म्हणतात पडीक आहे. मग आपण पडीक ठेवायचा नाही. इर्जिक घालू."

इर्जिक हा शब्द मी पुस्तकातही वाचला नव्हता. एखाद्याचा बैल मेला, माणूस अंथरुणाला खिळला, त्याचं वावर मागे पडलं, की गावातली औतं एका दिवशी त्याच्या रानात उतरायची. मजुरी घ्यायची नाही. ज्याचं रान त्याने पोटभर जेवायला घालायचं, बस. बाईंच्या लहानपणी त्यांच्या वडिलांसाठी गावाने इर्जिक घातलं होतं. "मजुरी सुरू झाली आणि इर्जिक मोडलं," त्या म्हणाल्या. "यंत्र त्याच्या पुष्कळ नंतर आलं."

पण २०२१ च्या फेब्रुवारीत गर्दी करायला बंदी. मग आम्ही एकेकट्याचं इर्जिक घातलं. मराठी मंडळींच्या ग्रुपवर मी हाक दिली. ग्रँड कॅनाल डॉकवाल्यांना पाच किलोमीटरची हद्द आडवी आली. पण ड्रमकॉन्ड्रा, सँट्री, आर्टेन इथले लोक तयार झाले. एकाने यायचं, तासभर खणायचं, जायचं, मग दुसऱ्याने. कार्मेलच्या चुलतबहिणीने चावी दिली. बाई सकाळी धपाटे करून, फॉइलमध्ये बांधून, फाटकाच्या खांबावर पिशवी अडकवून यायच्या. खणणाऱ्याने आपला धपाटा घ्यायचा आणि चालता चालता खायचा. सोबत बाईंचा हुकूम: "साफ करा. एक हिरवी काडी दिसता कामा नये."

हे का सांगितलं ते दख्खनच्या माणसाला कळेल. आपल्याकडे पीक निघालं की चांगला शेतकरी रान नांगरून, तणाची मुळी वेचून, उन्हात तापायला टाकतो. उघडी काळी माती ही निगेची खूण, आणि हिरवळ माजलेली दिसली की मालक आळशी. आम्ही सगळे तेच डोळे घेऊन तिथे गेलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी सुहास खणत होता. सुहास वर्ध्याकडचा, सर्व्हर सांभाळणारा, वडिलांची शेती असलेला. आम्हा सगळ्यांत हाताला फावडं शोभणारा तो एकटा. बाई आणि मी फाटकाबाहेर थांबलो होतो.

"बाई, बघा," तो लांबून ओरडला. "काळंभोर केलंय. आमचं रान वाटतंय का नाही?"

"वाटतंय रे बाबा. शाबास." बाई खूश होऊन बघत राहिल्या. आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"सुहास, फावडं ठेव."

"दमलो नाही मी अजून."

"ठेव म्हणते ना. आणि तू बाहेर ये, मी आत जाते."

नियम पाळून त्यांची अदलाबदल झाली. बाई साडी सावरत, बूट चिखलात रोवत त्या तुकड्याच्या टोकाला गेल्या, उकिडव्या बसल्या, आणि सुहासने अजून न खणलेल्या हिरवळीतलं एक रोप दोन बोटांत धरून खुडलं. थंडीने करपून जमिनीला चिकटलेलं, बोटभरसुद्धा उंच नाही. मग त्या उठल्या आणि हिरवळीच्या कडेने चालू लागल्या. सरळ रेषेत. काटकोनात वळल्या. पुन्हा सरळ रेषेत.

"चळवळ," त्या म्हणाल्या, "तण कधी रेघ मारून उगवतं का?"

त्या एकेका ठिकाणी उभ्या राहून बोट दाखवायला लागल्या. इथे टर्निपचे बुडखे आहेत. इथे वाटाण्याच्या काठ्या, तळाला सुकलेले वेल. इथे, जिथे सुहासने आधी खणलं, तिथे बटाटे निघालेत, हे बघ एक राहिलेला. "आणि हा चौथा." त्यांनी हातातलं रोप वर धरलं. "तीन पानं. लसूणघासासारखी. क्लोव्हर आहे हे. पेरलेलं आहे."

सुहास फाटकाशी धपाटा हातात धरून उभा राहिला. "म्हणजे मी पीक उपटलं?"

"मीच उपटायला लावलं," बाई म्हणाल्या, आणि मग त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग कमरेवर हात ठेवून, खोकला येईपर्यंत. "तीस वर्षं फळ्यावर पेरलं गं मी हे. चार चौकोन काढून. आणि वावरात भेटलं तर तण म्हणून उपटायला माणसं बोलावली."

तिथूनच कार्मेलला फोन लावला. त्या दिवशी तिला जरा बोलता येत होतं. "क्लोव्हर तर काय," ती म्हणाली. "ऑगस्टात टाकलं. हिवाळाभर मातीवर पांघरूण. कोणी विचारलंच नाही मला." मग बराच वेळ श्वास. मग: "तुमचा तो गडी कितीसं उपटून बसला?"

"एक पट्टा."

"त्याला म्हणावं, मार्चात ये आणि उरलेलंही पुरून दे. तेव्हा पुरायचंच असतं ते. तो जरा लवकर आला, एवढंच."

आता सांगा, माझ्यासारखीने काय करावं? माझ्याकडे मथळा होता, पुरावा होता, आजारी बाईवरचा अन्याय होता. मी रातोरात पत्रक छापून फाटकावर चिकटवायला निघाले होते. बाईंनी पत्रकाचं टोक धरलं.

"चिकटव. पण त्या समितीच्या माणसाला आधी बोलाव. तो बघून जाऊ दे, मग चिकटव."

"कशाला? त्यांनी कार्मेलला संधी दिली?"

"नाही दिली. म्हणून तर त्याला द्यायची. चूक सुधारायला जागा ठेवली तर माणूस माणूस राहतो. कोपऱ्यात घेतला की तो नियम होतो."

मला हे तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. पण पत्रक मी पिशवीत ठेवलं.

समितीचा अध्यक्ष डोनल, निवृत्त बसचालक. उंच, नीटनेटका, मास्कवर चष्मा धुरकटलेला. आल्या आल्या म्हणाला की त्याला वाईट वाटतं, कार्मेल चांगली बाई आहे, पण नियम सगळ्यांना सारखा आणि यादीत लोक वर्षानुवर्षं थांबलेत. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्याला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. तुमचे वडील शेतात काय पेरायचे?

"ओट्स," डोनल म्हणाला. "लॉईशला. थोडी बार्ली."

"आणि बार्लीमागून?"

"बार्लीतच खाली क्लोव्हर टाकायचे. बार्ली कापली की खालून वर यायचं, गायींना." तो थांबला. बाई नुसत्या दोन पावलं बाजूला सरकल्या, म्हणजे त्याला तो हिरवा चौकोन आणि त्याची सरळ कड दिसावी.

डोनल वाकला. त्याने हातमोजा काढला, पानावरून बोट फिरवलं. बराच वेळ तो उठेना.

"आम्ही वाटेवरूनच बघितलं होतं," तो म्हणाला. "पाऊस होता. हिरवं दिसलं, खूण केली आणि पुढे गेलो." मग बाईंकडे न बघता: "माझ्या वडिलांनी थोबाडीत दिली असती."

"माझ्याही," बाई म्हणाल्या. "मी तर खणायला लावलं."

खणायला कोण आलं होतं, हे त्याने विचारलं. बाईंनी इर्जिक समजावलं. त्याने मान हलवली. "मेहल म्हणायचो आम्ही. वडिलांची कंबर गेली तेव्हा लोक आले होते, सगळं गवत कापून रचून दिलं. आई दोन दिवस भाकऱ्या भाजत होती." त्याने खांबावरच्या पिशवीकडे बघितलं. बाईंनी हातानेच घ्या म्हटलं. मास्क खाली करून त्याने एक धपाटा खाल्ला, पाणी प्यायला, आणि गेला.

त्या आठवड्यात समितीची ऑनलाइन बैठक झाली. कार्मेलचा तुकडा कार्मेलकडे राहिला. नियमात एक ओळ वाढली: पडीक ठरवण्याआधी समितीतल्या एकाने त्या माणसाच्या घरी जायचं, आणि तो आजारी असेल तर तुकडा त्याच्यासाठी राखायचा. मी पत्रक चिकटवलं नाही. त्यातला मजकूर खोटा ठरला होता, आणि एवढ्या आनंदाने मी दुसरा कुठला कागद फाडल्याचं मला आठवत नाही. ती बातमी फोनवर ऐकल्यावर कार्मेल म्हणाली, "मग मला आता घरी यायला हवं." आणि मार्चच्या मध्यात ती आली. पहिले काही दिवस फाटकापर्यंतच, मग खुर्ची घेऊन आतपर्यंत. सुहास कबूल केल्याप्रमाणे आला. ती खुर्चीतून सांगत होती, तो क्लोव्हर मातीत पुरत होता. एप्रिलात त्या काळ्या ओळींमध्ये कोबीची रोपं लागली. रेवतीला ड्यूटीवरून येताना फाटकाशी हे दिसलं. तिने गाडी थांबवली आणि काच खाली करून नुसती बघत बसली. त्या वर्षात तिला बरं झालेलं माणूस बरं झाल्यावर काय करतं हे बघायला मिळत नव्हतं.

बाई सप्टेंबरात परत गेल्या. सकाळी टॅक्सी आली. रेवती विमानतळापर्यंत जाणार होती, मी दारातच थांबले, कारण मला निरोप देता येत नाही. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "जेवत जा," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या सीटच्या मागे जाऊन बसल्या. टॅक्सीवाला मायोकडचा, भरघोस पांढऱ्या भुवयांचा. गाडी कोपऱ्यावर वळायला थांबली तेव्हा मागच्या काचेतून मला दिसलं: बाई पुढे वाकून त्याला काहीतरी विचारत होत्या, आणि त्याने स्टिअरिंगवरचा एक हात उचलला होता. हवेत तो एका शेताची लांबी दाखवत होता, मग रुंदी, मग उतार. मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही कुठल्या ना कुठल्या समितीवर असाल. सोसायटीच्या, बाजाराच्या, शाळेच्या, मंडळाच्या. तुमच्यासमोर एक कागद येईल आणि त्यावर कोणाच्या तरी जागेपुढे, गाळ्यापुढे, खोलीपुढे 'वापरात नाही' असं लिहिलेलं असेल. गावच्या सामाईक रानाला कुंपण घालणाऱ्यांनीही कागदावर ते रान पडीकच म्हटलं होतं. तेव्हा त्या कागदावर सही करू नका. उठा, चपला घाला, त्या माणसाच्या दारावर जा, आणि त्याला विचारा की तू आहेस कुठे. तो सापडेपर्यंत सही करू नका.